नेम आणि नियम

पांडेसऱ्याच्या वस्तीत रविवार हा एकच वार असा आहे, की ज्या दिवशी मनुष्य मनुष्याच्या घरी जाऊ शकतो. इतर सहा दिवस मिलच्या भोंग्याचे. अशाच एका रविवारी सायंकाळी आमच्या दारी एक गृहस्थ आपल्या मुलीसह येऊन उभे राहिले. गृहस्थ मूळचे धुळे जिल्ह्यातील. गेली वीस-बावीस वर्षे येथील एका डाइंग मिलमध्ये बारा तासांच्या पाळीत काम करणारे. मुलगी आमच्याच शाळेतून सातवी उत्तीर्ण होऊन गेलेली, आता महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षात. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक अर्ज होता. शिष्यवृत्तीचा अथवा नोकरीचा असेल अशा समजुतीने आम्ही चष्मा लावला. पाहतो तो अर्ज बंदुकीच्या परवान्याचा!

खुलासा झाला तो असा. मुलीने महाविद्यालयाच्या एन.सी.सी. पथकात प्रथम रायफल हाती धरली. तिचा नेम पाहून तेथील अधिकाऱ्यांनी तिला एका नेमबाजी क्लबाची वाट दाखविली. दोन वर्षे ती क्लबाच्या हवाई रायफलीवर आणि मग पन्नास मीटरच्या .२२ रायफलीवर सराव करीत आहे. परंतु क्लबाची रायफल एक आणि तिच्यावर हक्क सांगणारे पाच. क्लबातील एक वयस्क सभासद आपली जुनी रायफल हप्त्यांनी द्यावयास तयार झाले होते. मात्र शस्त्र ताब्यात घ्यावयाचे तर आधी परवाना हवा. अर्जासोबत एखाद्या प्रतिष्ठित व्यक्तीचे चारित्र्याविषयीचे पत्र जोडले तर बरे, असे कोणीसे सुचविले, म्हणून ते दोघे आमच्याकडे आले होते.

वाचकहो, येथे आम्हांला एक कबुली दिली पाहिजे. त्या मुलीच्या चारित्र्याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नव्हती. तरी आम्ही त्या रविवारी पत्र दिले नाही. "पाहू, पुढच्या आठवड्यात या," असे म्हणालो. पुढच्या रविवारीही तेच म्हणालो. दहा बाय दहाची खोली, भिंतीला भिंत, सामाईक जिना, रात्री-अपरात्री पाळीवरून येणारी-जाणारी माणसे. त्यात बंदूक, आणि तीही आमच्या सहीने? मन धजावत नव्हते. तिसऱ्या रविवारी त्या गृहस्थांनी खाली मान घालून आपल्या अहिराणीत एवढेच विचारले, "गुरुजी, मनी पोर चोर शे का?" त्या प्रश्नाने आमची झोप उडाली. हीच मुलगी सिटीलाइटच्या एखाद्या बंगल्यातून मोटारीने आली असती, तर आम्ही चहा मागवून त्याच बैठकीत सही केली नसती काय? केली असती. मग आमची भीती बंदुकीची होती की दारिद्र्याची?

ज्या विषयात आपले अज्ञान आहे त्यात आपले भय अधिक असते, हा शिक्षकी पेशातला जुनाच अनुभव. म्हणून आम्ही पुस्तके उघडून बसलो. जे हाती लागले ते आपणांपुढे ठेवीत आहोत.

'परवाना' हा शब्द फारसी. शिवकाळापासून आपल्या दप्तरांत तो नांदत आला आहे. परंतु शस्त्रासाठी सर्व देशाला परवाना मागावयास लावणारा कायदा इंग्रजांनी १८७८ साली केला. त्यातील खरे शल्य परवान्याचे नव्हते, पंक्तिप्रपंचाचे होते: युरोपियनांना सूट आणि या भूमीच्या पुत्रांना अर्ज. राष्ट्रीय सभेने आपल्या अगदी प्रारंभीच्या अधिवेशनांत, १८८७ पासूनच, या कायद्याविरुद्ध ठराव केले. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीही १९३० च्या जानेवारीत व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या मांडल्या, त्यांत लोकनियंत्रणाखाली स्वसंरक्षणार्थ शस्त्रपरवाने मिळावेत ही एक मागणी होती. १९३१ च्या कराची ठरावातही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नमूद झाला. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला आणि १९६२ साली तो अमलात आला. वंशाचा भेद गेला. परवाना राहिला, आणि तो राहावा हेच योग्य.

याच कालखंडात, १९५१ साली, नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तिचे संस्थापक व पहिले अध्यक्ष कोण, हे आमच्या वाचकांना सांगताना आम्हांस विशेष आनंद होतो. ते होते गणेश वासुदेव मावळंकर. लोकसभेचे पहिले सभापती म्हणून दादासाहेबांना सारा देश ओळखतो. परंतु ते बडोद्यास जन्मलेले आणि अहमदाबादेत वकिली करून त्या नगराचे पुढारी झालेले, म्हणजे आपल्यासारखेच गुजरातेत मुळे रुजविलेले मराठी गृहस्थ होते. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेची पात्रता ठरविणारी मावळंकर नेमबाजी स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने भरते. आमच्या त्या विद्यार्थिनीला पुढे जावयाचे आहे ते याच स्पर्धेतून. कायदे करणाऱ्या सभेचा सभापती आणि नेमबाजांच्या संस्थेचा अध्यक्ष एकच पुरुष असावा, यात आम्हांस एक सूचक अर्थ दिसतो. नेम आणि नियम यांचे वैर नसावे, असाच तो अर्थ.

आता कायदा प्रत्यक्षात काय म्हणतो? १९५९ च्या अधिनियमाचे तेरावे कलम आम्ही दोनदा वाचले. स्वसंरक्षणासाठी पिस्तूल मागणाऱ्याने सबळ कारण दाखविले पाहिजे, अधिकाऱ्याचे समाधान झाले पाहिजे. परंतु केंद्र सरकारची मान्यता असलेल्या रायफल क्लबाच्या सभासदाने लक्ष्यवेधाच्या सरावासाठी शस्त्र मागितले, तर त्याला परवाना द्यावा, अशी निराळी आणि स्पष्ट तरतूद आहे. अर्थात अर्जदार अपात्र असल्यास अथवा सार्वजनिक सुरक्षिततेला बाधा येत असल्यास नकार देता येतो. पण चौदाव्या कलमात एक वाक्य असे आहे, की ते वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि थोडा वेळ तसेच बसून राहिलो. अर्जदारापाशी पुरेशी मालमत्ता नाही, केवळ एवढ्या कारणाने परवाना नाकारता येणार नाही, असे ते वाक्य सांगते. जी गोष्ट कायद्याने अधिकाऱ्यास मना केली, तीच आम्ही तीन रविवार करीत होतो!

२०१६ च्या नियमांनी मुदतीही घातल्या. पोलिसांनी तीस दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवाल हाती आल्यापासून साठ दिवसांत परवाना-अधिकाऱ्याने निर्णय करावा. नकार दिल्यास कारणे लेखी नोंदवावीत. अपिलाचा मार्ग आहेच. हवाई रायफलीबाबतही नियम उदार आहे. ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटर व्यासाच्या आतली आणि वीस ज्यूलपेक्षा कमी जोराची हवाई रायफल असेल, तर परवाना लागत नाही. दहा मीटरच्या स्पर्धेतील रायफल या मर्यादेत बसते. अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक मिळविले ते याच प्रकारात. पन्नास मीटरची .२२ रायफल मात्र बंदुकीत मोडते आणि तेथून पोलीस ठाण्याची पायरी सुरू होते.

एकूण, कागदावरचा कायदा वाईट नाही. मग अन्याय कोठे शिरतो? तो दोन वाटांनी शिरतो. एक वाट पैशाची, दुसरी पत्त्याची.

पैशाची वाट आधी पाहू. परवान्याचे केंद्रीय शुल्क फार मोठे नाही. काही राज्यांत वरून मुद्रांक शुल्क बसते एवढेच. खरी किंमत पावतीवर छापलेली नसते. वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, शस्त्र कुलपात ठेवण्याची हमी, आणि त्यापायी घातलेले हेलपाटे. रोजंदारीच्या माणसाला प्रत्येक हेलपाट्याची किंमत एक खाडा असते. पुढे शस्त्राचा खर्च. स्पर्धेच्या दर्जाची परदेशी रायफल म्हटली की आकडा लाखांत जातो. परदेशातून शस्त्र आणण्याची मुभा सामान्य नागरिकास नाही. राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक गुण मिळवून 'नामांकित नेमबाज' ठरलेल्यास ती आहे आणि जकातीतही सवलत आहे. सवलत न्याय्यच, पण तिथवर पोहोचण्यासाठी जी रायफल लागते ती कोठून आणावयाची? दात आहेत तर चणे नाहीत, अशी ही गत. काडतुसांचा हिशेब तर गणिताच्या तासाला घालावा असा आहे. तीन स्थितींच्या स्पर्धेत प्राथमिक फेरीलाच साठ गोळ्या. सरावात दिवसाला शंभर आणि महिन्याला पंचवीस दिवस धरले, तर अडीच हजार काडतुसे. एका काडतुसाला तीसच रुपये धरा. महिन्याचे पंचाहत्तर हजार झाले. आमच्या वस्तीतील किती घरांचा पगार तेवढा आहे, हे आम्ही सांगावयास नको.

स्वप्नील कुसाळे याचे नाव आपण विसरला नसाल. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याचे कांबळवाडी हे त्याचे गाव. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे पन्नास मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात त्याने कांस्यपदक मिळविले. वडील शिक्षक, मुलाच्या काडतुसांसाठी त्यांनी बँकेचे कर्ज काढल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. त्याच्या आधी महाराष्ट्राच्या खेळाडूने वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळविले ते १९५२ साली हेलसिंकीला, खाशाबा जाधवांनी. त्या वेळी खाशाबांच्या प्रवासखर्चासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते. बहात्तर वर्षांच्या अंतराने दोन पदके, आणि दोहोंच्या मागे कर्ज काढणारा एकेक शिक्षक! आमच्या व्यवसायाचा अभिमान वाटावा की समाजव्यवस्थेची खंत वाटावी, हे आम्हांस ठरविता येत नाही. खर्डेकरांनी घर गहाण टाकले. आम्ही एक सही द्यावयास तीन आठवडे लावले.

दुसरी वाट पत्त्याची, आणि ही आपल्यासारख्या घर सोडून आलेल्या समाजाच्या अधिक परिचयाची. परवाना वास्तव्याच्या ठिकाणी मिळतो. सुरतेसारख्या शहरात पोलीस आयुक्त आणि इतरत्र जिल्हा दंडाधिकारी हे त्याचे अधिकारी. या मुलीचे आधारपत्र अजून गावच्या पत्त्यावर. येथील खोली भाड्याची. घरमालक भाडे दरमहा बिनचूक घेतात, पण भाडेकरार लिहून द्यावयास तयार नाहीत. उद्या कोणी हक्क सांगितला तर, ही त्यांची धास्ती. करार नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून चौकशी नाही. गावी चौकशी करावी तर तेथे ती राहत नाही. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाऊन तो अर्ज शिणला. जन्म सुरतेचा, शिक्षण सुरतेचे, क्लब सुरतेचा, आणि तरी ही मुलगी कागदावर कोठलीच नाही!

असे केवळ गरिबाच्याच वाट्याला येते असेही नाही. पॅरिसला दोन कांस्यपदके मिळविणारी मनू भाकर २०१७ साली पंधरा वर्षांची होती. हरियाणातील झज्जर येथे तिचा पिस्तुलाचा परवाना अडला. अर्जात कारण म्हणून खेळाऐवजी स्वसंरक्षण लिहिले गेले होते, असे पुढे समजले. वृत्तपत्रांत गवगवा झाला आणि सात दिवसांत परवाना हाती आला. गोष्ट सुखान्त खरी; परंतु तिचे तात्पर्य आम्हांस अस्वस्थ करते. ज्याचा गवगवा होत नाही, त्याचे काय?

येथे कोणी म्हणेल, हेडमास्तर, आपण बंदुकांची वकिली करू लागलात! तसे नव्हे. १९९६ च्या मार्च महिन्यात स्कॉटलंडमधील डनब्लेन येथील प्राथमिक शाळेत एका माणसाने सोळा बालके आणि त्यांची शिक्षिका यांचे प्राण घेतले. त्याच्या हातातील शस्त्रे चोरीची नव्हती. रीतसर परवान्याची होती आणि तो नेमबाजी क्लबांत जाणाराही होता. शाळेत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्याला ती बातमी कधी विसरता येणार नाही. ब्रिटनने पुढल्याच वर्षी पिस्तुलांवर जवळजवळ सरसकट बंदी घातली. तेथील पिस्तूल-नेमबाजांना सरावासाठी देशाबाहेर जावे लागले. ते त्यांनी सोसले. आपल्याकडेही २०१७ साली मेरठ येथे राष्ट्रीय पातळीवरील एका नेमबाजाच्या घरी शस्त्रांचा मोठा साठा आणि वन्य प्राण्यांचे मांस सापडल्याने, खेळाच्या नावाखाली काय चालू शकते हे उघड झाले होते. तेव्हा तपासणी कडक हवी, मनाची आणि शरीराची परीक्षा हवी, कुलूप मजबूत हवे, याविषयी आमचे दुमत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की तपासणी माणसाची व्हावी, त्याच्या भाडेकराराची नव्हे.

शासनाला खेळाडूंचा विचार नाही असेही म्हणवत नाही. २०१९ साली कायदा बदलून सामान्य परवानाधारकाची शस्त्रमर्यादा तीनवरून दोनवर आणली गेली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. त्या वेळी नेमबाजांत काळजी पसरली. २०२० च्या फेब्रुवारीत अधिसूचना निघाली. आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांना आणि नामांकित नेमबाजांना पूर्वीच्या सातऐवजी बारापर्यंत शस्त्रे बाळगण्याची मुभा मिळाली. चांगले झाले. परंतु माडीवर खिडक्या वाढविल्या, तळमजल्याचा दरवाजा मात्र होता तेवढाच अरुंद राहिला. बारावी रायफल घेणाऱ्याची सोय झाली. पहिली घेणारीची व्हावयाची आहे.

उपाय काय? मराठ्यांच्या इतिहासात त्याचे उत्तर आहे असे आम्हांस वाटते. आपल्या लष्करात स्वार दोन प्रकारचे होते. स्वतःचा घोडा आणि स्वतःचे शस्त्र घेऊन येणारा तो शिलेदार; आणि ज्याला सरकारी पागेतून घोडा मिळे तो बारगीर. शिवछत्रपतींचा भर बारगिरांवर होता. घोडा सरकारचा म्हणून शिस्त सरकारची. आणि घोडा घेण्याची ऐपत नसलेल्या कुणब्याच्या पोरालाही पराक्रमाची संधी! आज आपण नेमबाजी हा केवळ शिलेदारांचा खेळ करून ठेवला आहे. शहरागणिक सार्वजनिक नेमबाजी केंद्र असावे, रायफली केंद्राच्या परवान्यावर, काडतुसांचा हिशेब केंद्राच्या वहीत, शस्त्रागाराला केंद्राचे कुलूप. मूल यावे, नेम धरावा, रायफल जागेवर ठेवून घरी जावे. चाळीत बंदूक नको ही आमची भीतीही त्याने मिटेल आणि मुलीचा खेळही थांबणार नाही. ही कल्पनेची भरारी नव्हे. महाराष्ट्र शासनाच्या नाशिक येथील क्रीडा प्रबोधिनीत स्वप्नील कुसाळे असाच घडला. कोल्हापूरने तेजस्विनी सावंत दिली, जी २०१० साली म्युनिचला जगज्जेती झाली. राही सरनोबत दिली, जिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. बुद्धी आणि दृष्टी आपल्या लेकरांत आहे; उणीव आहे ती पागेची.

मात्र एका टप्प्यानंतर बारगिराला शिलेदार व्हावेच लागते. पन्नास मीटरवरील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर व्यासाचे. तेथे रायफलीचा दस्ता खांद्याला, गालाला, हाताच्या लांबीला बेतलेला लागतो. पाच जणांच्या मापाची रायफल कोणाच्याच मापाची नसते. तेव्हा परवाना लागणारच. निदान शस्त्र घरी न ठेवता क्लबाच्या शस्त्रागारात ठेवण्याची हमी देणाऱ्या खेळाडूचा अर्ज तरी घराच्या चार भिंती मोजत बसू नये.

चौथ्या रविवारी आम्ही स्वतःच त्यांच्या खोलीवर गेलो. पत्र लिहून नेले होते. त्या गृहस्थांनी ते दोन्ही हातांनी घेतले आणि मुलीने आम्हांला आपल्या सरावाचे कागदी लक्ष्य दाखविले. मधल्या काळ्या गोलात छिद्रांची इतकी दाटी होती, की मोजता येईना. परंतु वेळ निघून गेली होती. त्या वयस्क सभासदांना पैशाची निकड होती. जुनी रायफल त्यांनी दुसऱ्या परवानाधारकास दिली. आमच्या तीन आठवड्यांनी ती गेली असे त्या बापलेकींपैकी कोणीही म्हटले नाही. ते न म्हणणे आम्हांला अधिक लागले. अर्ज अजून चालू आहे. मुलगी क्लबाच्या रायफलीवर आपली पाळी येण्याची वाट पाहत बसते आणि पाळी आली की उठते.

शासनाने काय करावे हे आम्ही लिहिले. ते होईल तेव्हा होईल. आपल्या हातातले मात्र आज होण्यासारखे आहे. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा या परमुलखात भाड्याच्या खोलीत उतरले होते. आज आपली स्वतःची घरे आहेत आणि त्यांत भाडेकरूही आहेत. एखादा भाडेकरू करार मागावयास आला, तर धास्ती न धरता तो लिहून द्या. त्या कागदावर कोणाची शाळा, कोणाचे रेशन, कोणाचा परवाना अडलेला असतो. आणि आमच्यासारखा कोणी शिक्षक, डॉक्टर, वकील हे वाचीत असेल, तर त्याच्या सहीसाठी दारी आलेल्याला 'पुढच्या रविवारी या' असे त्याने म्हणू नये. मिलमधल्या माणसाला महिन्यात रविवार चारच मिळतात.